व्यापार आणि फळ

बेजिंगमधल्या एखाद्या घरात दोन-अडीच वर्षांच्या मुलीला बरणीचं झाकण निघत नाही. ती बरणी आईपुढे धरते आणि म्हणते, "ता-पु-खाय." तीनच अक्षरं. पहिलं हाताने करायच्या कृतीचं, मधलं नकाराचं, शेवटचं उघडं होण्याचं. हात खटपट करतो, पण ती झाकण उघडण्यापर्यंत पोचत नाही, एवढा सगळा अर्थ तिने त्यात बसवला आहे. नकार कुठे ठेवायचा हेही तिला नेमकं ठाऊक आहे. तोच 'पु' आरंभी ठेवून ती "पु ता-खाय" म्हणाली असती, तर 'मी नाही उघडणार' असा अर्थ झाला असता. आधी नकार आला की नाखुशी, मध्ये आला की असमर्थता. हा भेद तिला कुणी बसून शिकवलेला नाही. तिच्या आईला विचारलं, तर तिलाही तो नियम म्हणून सांगता येईलच असं नाही.

ही कामगिरी हा या पुस्तकाचा विषय आहे. मँडरिन चिनी बोलणारी लहान मुलं क्रियापदांची गुंतागुंत कशी आत्मसात करतात, कोणत्या वयात काय करतात, कुठे अडतात, हे पुढच्या प्रकरणांत येईल. ते वाचण्याआधी वाटेतला एक जुना गैरसमज बाजूला करायला हवा. चिनीला व्याकरणच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. हे मी सुशिक्षित, चार भाषा जाणणाऱ्या माणसांकडूनही ऐकलं आहे. त्यांचं कारण उघड आहे. चिनी क्रियापदाला लिंग, वचन आणि पुरुष यांचे प्रत्यय लागत नाहीत. काल, आज, उद्या यांसाठी त्याचं रूप बदलत नाही. 'गेलो, गेलीस, जातील, जावं' या आपल्या पसाऱ्याच्या जागी तिथे एकच 'छ्यू'. मराठी क्रियापदं शिकवताना घाम गाळलेल्या शिक्षकाला ही भाषा सुटसुटीत वाटली तर नवल नाही.

युरोपातल्या पंडितांनाही तसंच वाटलं होतं. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी पॅरिसचे चिनी भाषेचे अभ्यासक आबेल-रेम्युझा यांना लिहिलेलं प्रदीर्घ पत्र १८२७ साली प्रसिद्ध झालं. चिनी भाषा व्याकरणिक रूपांवाचून कशी चालते, हाच त्यातला प्रश्न होता. हुम्बोल्ट आदराने लिहितात, पण त्यांची मोजपट्टी ग्रीक, लॅटिन आणि संस्कृतचीच आहे. चिनी माणसाने आपल्या भाषेचं आधुनिक पद्धतीचं पहिलं व्याकरण लिहिलं ते मा च्येनचुंग यांनी, १८९८ साली, आणि तेही लॅटिनचा साचा समोर ठेवून. ज्या भाषेचं व्याकरण प्रत्ययांत नाही, तिचं व्याकरण प्रत्यय शोधणाऱ्याला सापडणार कसं? ते शब्दांच्या जोडणीत आहे, क्रमात आहे, आणि सगळ्यांत जास्त क्रियापदांच्या एकमेकांशी होणाऱ्या गाठभेटीत आहे.

लिप्यंतराबद्दल थोडं सांगतो. चिनीमध्ये त आणि थ, प आणि फ, क आणि ख हे वेगळे आहेत. त आणि द किंवा प आणि ब यांत मात्र फरक नाही. रोमन लिपीच्या रूढ पद्धतीमुळे 'ता' हा उच्चार बऱ्याचदा 'दा' असा छापला जातो. देवनागरीला हा महाप्राणाचा भेद दाखवणं सहज जमतं, म्हणून इथे कानाला ऐकू येतं तसं लिहिलं आहे. शहरांची रूढ नावं तशीच ठेवली आहेत. सूर दाखवता आलेले नाहीत, आणि ही उणीव मोठी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. धातूचा अर्थ काय, यावर आपल्या व्याकरणपरंपरेत शतकानुशतकं वाद झाला आहे. सतराव्या शतकात कौंडभट्टांनी आणि त्यांच्यानंतर काशीला राहिलेल्या, काळे आडनावाच्या नागेशभट्टांनी त्याची बारकाईने मांडणी केली. वैयाकरणांचं म्हणणं असं की धातूच्या पोटात दोन गोष्टी असतात, व्यापार आणि फळ. इथे व्यापार म्हणजे कर्त्याची हालचाल, त्याची खटपट. 'शिजवणे' म्हटलं की चूल पेटवणं, भांडं चढवणं, ढवळणं हा व्यापार आणि तांदूळ मऊ होणं हे फळ. धातू दोन्ही एकदम सांगतो. चिनी क्रियापदांकडे बघण्यासाठी याहून चांगली जोडी मला कुठल्याही आधुनिक ग्रंथात मिळालेली नाही, कारण चिनी भाषा नेमकी हीच गाठ सोडवते. ती व्यापाराला एक शब्द देते, फळाला दुसरा देते आणि मग दोघांना शेजारी बसवते.

मराठीत 'फुटणे' आणि 'फोडणे' आहेत, 'तुटणे' आणि 'तोडणे', 'सुटणे' आणि 'सोडणे' आहेत. मुळातल्या स्वराचा (कधी व्यंजनाचाही) बदल करून आपण आपोआप घडणारी आणि कुणीतरी घडवलेली क्रिया वेगळी करतो. 'फोडणे'मध्ये फुटणं आलंच. 'त्याने काच फोडली, पण ती फुटली नाही' हे वाक्य मराठीत उभं राहत नाही. चिनीत 'ता' म्हणजे नुसता आघात करणं आणि 'फो' म्हणजे फुटलेलं असणं. 'ता-फो' म्हटलं तरच काच फुटते. नुसत्या 'ता'ने ती शाबूत राहू शकते. जेम्स ताय या भाषावैज्ञानिकांनी १९८४ साली याचं टोकाचं उदाहरण दिलं. 'ठार मारणे' या अर्थाने कोशांत दिलेलं 'शा' हे क्रियापद वापरून चिनीत असं म्हणता येतं की अमक्याने तमक्याला दोनदा मारलं, पण तो मेला नाही. हे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाइतकं चमत्कारिक वाटणार नाही. आपल्या 'मारलं'मध्येही माणूस जगला की मेला ते मोकळंच असतं, आणि ते नक्की करायला आपण 'मारून टाकलं' म्हणतो. मात्र इथेच दोन भाषांच्या वाटा फुटतात. आपल्या संयुक्त क्रियापदातलं 'टाकणे' स्वतःचा अर्थ सोडून देतं. 'खाऊन टाकलं'मध्ये कुणी काही टाकत नाही. चिनी जोडीतला दुसरा शब्द स्वतःचा अर्थ पुरता राखून असतो. 'शा-स' म्हणजे मारणं अधिक मरणं.

अशा जोड्यांना अंत नाही. 'छृ-वान' म्हणजे खाऊन संपवणं, 'छृ-पाओ' म्हणजे खाऊन पोट भरणं, 'थिंग-तुंग' म्हणजे ऐकून समजणं, 'खान-च्येन' म्हणजे बघून दिसणं. 'खू-शिंग' म्हणजे रडून जाग येणं. ही जाग रडणाऱ्याचीही असेल किंवा त्याच्या रडण्याने उठलेल्या आईचीही. कुणाची, ते वाक्याच्या रचनेवरून ठरतं. या जोड्यांच्या मधोमध 'पु' घातला की न जमणं आणि 'त' घातला की जमणं: 'छृ-पु-वान' म्हणजे खाऊन संपत नाही, 'छृ-त-वान' म्हणजे संपेल, खाता येईल. दिशा सांगायची तर आणखी दोन शब्द जोडतात. 'ना-छू-लाय' यात हातात घेणं, बाहेर निघणं आणि माझ्याकडे येणं हे तिन्ही ओळीने आहे. बोलणारा खोलीत आहे की अंगणात, त्यावर शेवटी 'लाय' येणार की 'छ्यू' ते ठरतं.

मूल हे सगळं कसं पेलतं? जिदोंग चेन यांनी नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेत याच जोडक्रियापदांवर प्रबंध लिहिला (२००८). त्यांचं आणि इतरांचं काम एकत्र वाचलं की चित्र साधारण असं दिसतं. दुसऱ्या वाढदिवसाच्या आगेमागे अशा जोड्या मुलांच्या तोंडी येऊ लागतात. सुरुवातीला त्या ऐकलेल्या, पाठ झालेल्या असू शकतात. पण लवकरच मुलं स्वतःच्या जोड्या जमवतात, आणि त्यांतल्या काही मोठी माणसं कधीच वापरणार नाहीत अशा असतात. या चुकांना फार मोल आहे. ऐकलेलंच परत म्हणणारं मूल अशी चूक करू शकत नाही; जोडणीची रीत हाती लागलेलं मूलच ती करू शकतं. आणि या नव्या जोड्यांतही व्यापार आधी आणि फळ नंतर हा क्रम मुलं सहसा मोडत नाहीत.

दुसरा गुंता क्रियाव्याप्तीचा आहे. चिनी क्रियापद काळ सांगत नाही, पण क्रिया पुरी झाली, चालू आहे, टिकून आहे की कधीकाळी अनुभवली आहे, हे सांगणारे छोटे शब्द त्याच्या आजूबाजूला असतात. 'ल' पूर्तीचा, 'त्साय' चालू क्रियेचा, 'च' टिकलेल्या स्थितीचा, 'क्वो' अनुभवाचा. यांत मुलांकडे 'ल' लवकर येतो आणि तो चिकटतो ठरावीक क्रियापदांना: 'त्याओ ल' (पडलं), 'फो ल' (फुटलं), 'मेय ल' (संपलं, उरलं नाही). ज्यांच्यात फळ आधीच आहे, शेवट आधीच आहे, अशीच ही क्रियापदं आहेत. 'त्साय' मात्र खेळणं, रडणं, पळणं अशा, ज्यांना ठरावीक शेवट नाही अशा क्रियांबरोबर येतो. मराठी घरांतल्या बाळांच्या पहिल्या भूतकाळी रूपांतही 'पडलं', 'संपलं', 'गेलं' यांचीच गर्दी असते, हे कुठल्याही आईला ठाऊक आहे.

असं का होतं, यावर मोठा वाद झाला आणि तो या विषयाच्या गाभ्याशी आहे. डेरेक बिकर्टन यांनी १९८१ च्या 'रूट्स ऑफ लँग्वेज' या पुस्तकात असा दावा केला की स्थिती आणि प्रक्रिया यांतला भेद मूल जन्मतःच घेऊन येतं. पिंग ली यांनी लायडन विद्यापीठातल्या १९९० च्या प्रबंधात हा दावा चिनी मुलांवर तपासला, आणि पुढे यासुहिरो शिराय यांच्याबरोबर २००० साली लिहिलेल्या पुस्तकात त्याचा विस्तार केला. मोठ्यांच्या बोलण्यात कोणता शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, ते त्यांनी पाहिलं. मोठी माणसंही 'ल' बहुतेक वेळा फळ असलेल्या क्रियापदांनाच लावतात आणि 'त्साय' फळ नसलेल्यांना. त्यांना तसं बंधन नसतं, पण कल तसा असतो. मूल तो कल पकडतं आणि सुरुवातीला काटेकोरपणे पाळतं. वय वाढेल तसं ते सैल होतं. माझा कौल लींच्या बाजूने आहे. जन्मजात देणगी नाकारायची म्हणून नव्हे, तर मूल किती बारीक कान देऊन ऐकतं हे त्यांच्या आकड्यांतून दिसतं म्हणून. जिथे ऐकण्याने उलगडा होतो, तिथे जन्मजात योजना गृहीत धरायची गरज पडत नाही.

हे सारं कळलं ते कुणीतरी वर्षानुवर्षं मुलांजवळ बसून लिहून घेतलं म्हणून. चीनमध्ये ही परंपरा जुनी आणि घरगुती आहे. नानजिंगचे शिक्षणतज्ज्ञ छन हछिन यांना डिसेंबर १९२० मध्ये मुलगा झाला, आणि त्यांनी ८०८ दिवस त्याच्या वाढीची नोंद ठेवली, छायाचित्रांसह. त्यातून १९२५ साली बालमानसशास्त्राचं त्यांचं पुस्तक आलं. भाषावैज्ञानिक चाओ युआनरेन यांनी आपल्या अठ्ठावीस महिन्यांच्या नातीच्या चिनी बोलीचं विश्लेषण १९५१ साली प्रसिद्ध केलं. मुलीच्या बोलीला त्यांनी स्वतंत्र बोलीचा मान दिला. ध्वनी, शब्द, वाक्यं सगळं एखाद्या अनोळखी भाषेचं करावं तसं नोंदवलं. हा दृष्टिकोन मला फार मोलाचा वाटतो. मूल मोठ्यांची भाषा अर्धवट बोलत नसतं. त्या घडीला त्याची स्वतःची, नियमांत बसणारी भाषा असते. ली युमिंग यांनी आपल्या मुलीच्या भाषेची जन्मापासून ठेवलेली रोजनिशी २०१९ साली अनेक खंडांत छापून आली. मधल्या काळात टेपरेकॉर्डर आला. मेरी एर्बॉ यांनी तैवानमधल्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून १९८२ साली बर्कलीत प्रबंध सादर केला. १९८४ पासून ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी उभारलेल्या 'चाइल्ड्स' या भांडारात जगभरातल्या मुलांच्या संभाषणांबरोबर चिनी मुलांचीही संभाषणं जमा होत गेली. आज कुणीही ती उघडून वाचू शकतं.

क्रियापदांना चिनी बाळांच्या बोलण्यात किती मोठी जागा आहे, हे ट्विला टार्डिफ यांनी १९९६ मध्ये दाखवलं. त्याआधी डीड्री जेंटनर यांचा १९८२ चा सिद्धांत प्रमाण मानला जाई: मुलं आधी नामं शिकतात, कारण वस्तू डोळ्यांपुढे ठाम उभ्या असतात आणि क्रिया निसटत्या असतात. टार्डिफ यांनी बेजिंगमधल्या, सुमारे बावीस महिन्यांच्या दहा मुलांचं घरातलं बोलणं तपासलं, तर जवळजवळ सगळ्यांच्या बोलण्यात क्रियावाचक शब्द नामांपेक्षा जास्त निघाले. कारण आयांच्या बोलण्यात सापडतं. चिनीत कर्ता गाळता येतो, कर्म गाळता येतं, एकटं क्रियापद वाक्य म्हणून उभं राहतं आणि त्याचं रूप बदलत नाही. "खाल्लंस?" "घे." "ठेव." दिवसभर मुलाच्या कानावर क्रियापदंच पडत असतात.

पण घाईने निष्कर्ष काढू नये. मुत्सुमी इमाई आणि सहकाऱ्यांनी २००८ साली चिनी, जपानी आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बनावट शब्द शिकवून पाहिले, तेव्हा नवं क्रियापद उचलणं तिन्ही भाषांच्या लहान मुलांना नव्या नामापेक्षा जड गेलं. चिनी मुलांना तर प्रसंगातल्या जादा खुणांचा आधार लागला. शब्दाला प्रत्यय नसेल, तर तो नाम आहे की क्रियापद हे त्याच्या रूपावरून कळणार कसं? रोजच्या बोलण्यात क्रियापदं भरपूर असणं आणि नवं क्रियापद एका बैठकीत उचलणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

ओझं वाहण्याची क्रियापदं घ्या. कडेवर किंवा मिठीत धरणं 'पाओ', पाठीवर घेणं 'पेय', खांद्यावर घेणं 'खांग', हातात लोंबकळत नेणं 'थी', ताट धरतो तसं समतोल धरणं 'त्वान'. इमाई आणि नोबुरो साजी यांच्या गटाने २०११ मध्ये चिनी मुलांकडून अशी तेरा क्रियापदं वदवून घेतली. तीन वर्षांची मुलं 'पाओ' आणि 'ना' यांवर भागवत होती. पाच आणि सात वर्षांच्या मुलांनी हळूहळू सीमा आखल्या, तरी सातव्या वर्षीही त्या मोठ्यांच्या सीमांशी पुरत्या जुळल्या नव्हत्या. म्हणजे क्रियापदं जोडण्याची रीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणि प्रत्येक क्रियापदाची हद्द शाळेच्या वयात. सोपं काय आणि अवघड काय, याची आपली मोठ्यांची अटकळ इथे साफ चुकते.

जोआन ली आणि लेटिशिया नेगल्स यांचं २००८ चं काम मला या सगळ्यात विशेष आवडतं. वाक्यात किती नामं आहेत यावरून इंग्रजी मुलं क्रियापदाचा अर्थ ओळखतात, हे आधी माहीत होतं. पण चिनी आई नामं सारखी गाळत असते, मग चिनी मुलाने त्यांच्या संख्येवर विश्वास ठेवावा कसा? बेजिंगच्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना त्यांनी एखादं नाम जास्त किंवा कमी असलेली विचित्र वाक्यं दिली आणि खेळण्यांनी ती करून दाखवायला सांगितली. नाम वाढलं की मुलं 'कुणीतरी कुणालातरी करायला लावलं' अशा अर्थाकडे वळली. पुरावा विरळ असला तरी मुलं तो वाया जाऊ देत नाहीत.

'पा' रचना या साऱ्याचं टोक आहे. 'पा' हा शब्द कर्माला क्रियापदाच्या आधी आणतो, आणि अट घालतो की मागून येणारं क्रियापद एकटं नको. त्याला फळ, दिशा किंवा निदान 'ल' तरी हवा. 'पा फिंग-त्स ता-खाय', म्हणजे बाटली उघड, हे चालतं. 'ता'वर थांबलेलं वाक्य चालत नाही. म्हणजे वस्तूचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय ही रचना पुरी होत नाही, आणि लहान मुलं ती तिसरं वर्ष संपायच्या आतच वापरताना दिसतात. कर्मणी अर्थाचा 'पेय' त्यामानाने उशिरा येतो आणि बोलण्यात कमीच असतो.

आता मोजपट्टीबद्दल. रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये तीन इंग्रजी मुलांच्या अभ्यासातून चौदा व्याकरणिक घटकांचा क्रम मांडला. अनेकवचन, भूतकाळ, चालू काळ वगैरे. त्या क्रमाने बालभाषेच्या अभ्यासाला दिशा दिली, पण ही इंग्रजी पट्टी घेऊन चिनी मुलाकडे गेलं तर त्याच्याकडे मोजण्यासारखं फारसं काही नाही असं वाटेल. ते मूल त्या वेळी 'खाऊन-न-संपणं' आणि 'बाहेर-काढून-माझ्याकडे-आणणं' रचत असतं. प्रत्येक भाषेच्या मुलाची प्रगती त्या भाषेने समोर ठेवलेल्या कामावर मोजली पाहिजे. उशिरा बोलणाऱ्या मुलाची तपासणी करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी तर हा रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

आणि म्हणून मराठी वाचकाला एक विनंती. डॅन स्लोबिन यांनी संपादित केलेल्या, जगातल्या भाषा मुलं कशी आत्मसात करतात हे मांडणाऱ्या खंडांपैकी तिसऱ्यात, १९९२ साली, एर्बॉ यांचं मँडरिनवरचं प्रकरण आलं. तोवरच्या तिन्ही खंडांत भारतातली एकही भाषा नव्हती. 'फुटलं' आणि 'फोडलं' यांतला फरक आपलं मूल कधी ओळखतं? 'खाऊन टाकलं'मधलं 'टाकणे' त्याच्या तोंडी कधी येतं, आणि 'त्याने खाल्लं'मधला 'ने' त्याच्याही आधी की नंतर? घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल, तर एक वही घ्या. तारीख, मुलाचं वय, प्रसंग आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं, चूक न सुधारता, लिहून ठेवा. छन हछिन यांनी नानजिंगमध्ये शंभर वर्षांपूर्वी एवढ्यावरच सुरुवात केली होती.